नाणं अस्सल होतं

"मागे सरा, मागे सरा! चांदी बोलायला लागली की तिला हवा लागते!"

कॉफीवाला साबातीनो घसा खरवडून ओरडत होता, पण मागे सरतंय कोण? त्या रविवारी सकाळी आमच्या तोर्रेलूपा गावच्या जुन्या तेलघाण्यात दीडशे माणसं कोंबलेली होती. संधिवाताच्या म्हाताऱ्या, दम्याचे म्हातारे, मूल होत नाही म्हणून आलेली जोडपी, आणि काहीच होत नसताना नुसती गंमत बघायला आलेली निम्मी बाजारपेठ. भिंतीकडेच्या मेजावर देणग्यांचा ढीग होता. तेलाच्या बाटल्या, चीजचे गोल वडे आणि मधोमध डुकराची एक अख्खी खारवलेली मांडी. रोग ओढून काढतो म्हणवणारा मायेस्त्रो, म्हणजे उस्ताद, देल्फो पैशाला हात लावत नसे. मांडीला लावत असे.

पांढरा डगला घालून तो उभा होता. पुढ्यात कोमट पाण्याची परात, एक ओला पंचा आणि निळ्या मखमलीवर ठेवलेलं एकुलतं एक चांदीचं नाणं. शेजारी हाताची खुर्ची होती, अख्ख्या घाण्यात एकच. त्या खुर्चीवर मी बसलो होतो.

मी म्हणजे ओत्तोरीनो. चाळीस वर्षं गावच्या पोरांना लॅटिन शिकवलं, म्हणून सगळे मला 'मास्तर' म्हणतात. गावातल्या नाणेसंग्राहक मंडळाचा मी अध्यक्ष. रोमन चांदी ओळखावी ती मास्तरांनीच, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणायचे.

"मास्तर," देल्फो कमरेत वाकून म्हणाला, "मी अडाणी माणूस. हे नाणं मला आजीकडून मिळालं. खरं की खोटं, तुम्हीच सांगा या लोकांना."

मी भिंग काढलं. एका बाजूला आरोग्यदेवीचं मुखकमल, दुसऱ्या बाजूला हातात साप घेऊन खांबाला रेललेली तिचीच बहीण. दोन हजारांवर वर्षांपूर्वी आचिलियस नावाच्या टांकसाळीच्या अधिकाऱ्यानं पाडलेलं. त्याच्या घराण्याच्या नावाच्या चौकात रोममधल्या पहिल्या ग्रीक वैद्याला सरकारनं दुकान थाटून दिलं होतं, असं सांगतात. आधी लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, मग त्यानं इतकी कापाकापी केली की त्याचं नाव 'खाटीक' पडलं. ही गोष्ट मी वर्गात रंगवून सांगत असे. त्या दिवशी ती मला आठवायला हवी होती.

वजन बरोबर, कडा बरोबर, छाप बरोबर. मी मान वर केली. डोळ्यांच्या दीडशे जोड्या माझ्याकडे लागलेल्या. एवढं लक्ष वर्गात चाळीस वर्षांत कधी मिळालं नव्हतं.

"अस्सल आहे," मी म्हणालो.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी फक्त नाण्याबद्दल बोललो होतो, हे मला ठाऊक होतं. लोकांनी काय ऐकलं, हेही त्याच क्षणी कळलं. मी खुर्चीत जरा ताठ बसलो.

"ऐकलंत?" देल्फो गरजला. "अस्सल! रोम पडलं, बादशहा मातीत गेले, पण चांदी कधी खोटं बोलली नाही! ही रोग हुंगते, रोग ओढते, रोग पिते! आणि मंत्र? मंत्र तर नाण्यावरच कोरलाय. म्हणा माझ्यामागे, वालेतू!"

"वालेतू!" घाणा दुमदुमला.

अहो कसला मंत्र! 'वालेतूदो' हे त्या दुसऱ्या देवीचं नाव. ठसा कोरणाऱ्याची जागा संपली म्हणून त्यानं अर्ध्यावर तोडलं. दुकानाच्या पाटीवर 'किराणा' ऐवजी 'किरा' एवढंच मावावं आणि गावानं त्याचा जप करावा, तसली ही गत. पण मी गप्प बसलो. एवढ्यात पहिल्या रोग्याला पुढे बोलावलं गेलं होतं, आणि ती माझी थोरली बहीण होती.

एर्सिलिया एकाहत्तर वर्षांची. बायको गेल्यापासून मी आणि ती एकाच घरात राहतो. चौदा वर्षं मधुमेह, रोज दोनदा इन्सुलिन. तिनं हात परातीत बुडवला, देल्फोनं तो पंच्यानं टिपला, तळहातावर नाणं ठेवून मूठ मिटायला लावली. गर्दीनं वालेतू-वालेतू म्हणत शंभर अंक मोजले. मूठ उघडली.

नाणं काळंकुट्ट.

"आई गं!" कुणीतरी किंचाळलं. बायकांनी छातीवर क्रूस काढले.

"बघा ही साखर!" देल्फो नाणं नाचवत होता. "तुमच्या अंगातली साखर, बाई, जळून कोळसा झालीय! तीन आठवडे या. ज्या दिवशी चांदी पांढरी राहील, त्या दिवशी रोग संपला."

एर्सिलिया माझ्याकडे बघून रडत हसली. आणि मला वास आला. नासक्या अंड्याचा.

आता आमच्या गावात हा वास कुणाला खटकणार? गावाखाली गंधकाची गरम कुंडं आहेत. परकी माणसं नाक दाबतात. आम्हाला मात्र त्या वासानं घरी आल्यासारखं वाटतं. आमच्या धुतल्या कपड्यांना तो येतो, देवळाच्या दाराला येतो. परातीतून आला तर तो कुंडाचाच, असं सगळ्यांनी धरलं. पण कुंडाचं पाणी मी पन्नास वर्षं ओळखतो. चांदी काळी करायला त्याला दिवस लागतात. शंभर अंकांत काळं करणारं पाणी वेगळं. ते माझ्या अभ्यासिकेतल्या खालच्या खणात, तपकिरी बाटलीत असतं.

लाज वाटते, पण सांगतो.

जुन्या चांदीवर काळानं चढवलेली एक काळसर-निळी झाक असते. संग्राहक जीव टाकतात त्या झाकेवर. कुणा मूर्खानं नाणं घासूनपुसून लख्ख केलं की ते मेलं. कुत्रंसुद्धा त्याला विचारत नाही. असली मेलेली नाणी मी जत्रांमधून उचलायचो. सोनारांच्या सामानाच्या दुकानात तपकिरी खडे मिळतात. त्यांना आमच्याकडे 'गंधकाचं काळीज' म्हणतात. ते गरम पाण्यात विरघळवायचे, नाणं बुडवायचं, धुवायचं, हलकेच पुसायचं, की पाच मिनिटांत दोनशे वर्षं चढतात. मग मी ते नाणं मंडळात मांडायचो आणि म्हणायचो, "एका खानदानी कपाटातलं आहे." कपाट खोटं नव्हतं. माझंच होतं.

एकदा नाही, वीस वर्षं केलं हे. साबातीनोला असंच एक नाणं देऊन बदल्यात त्याच्या आजोबांचं रोमन बादशहा ट्रेजनचं नाणं घेतलं. आजोबांना नांगरताना सापडलेलं, अस्सल झाकेचं. तो बिचारा माझ्यावर उपकार केल्यासारखं नाही, माझे उपकार झाल्यासारखं वागला.

आणि तीन वर्षांपूर्वी देल्फो आला. तेव्हा तो आठवडी बाजारात तवे विकत होता. नाण्यांचा नाद लागलाय, शिकवा म्हणाला. मला शिष्य हवाच होता. वाहवा करणारा तर हवाच होता. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच हातानं, मी त्याला नाणं काळं करायला शिकवलं. ते परत पांढरं करायलाही शिकवलं. वाडग्यात स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची चमचमती पन्नी अंथरायची, खायचा सोडा आणि उकळतं पाणी ओतायचं, नाणं पन्नीला टेकवायचं. काळं निघून जातं. "कुणाला सांगू नकोस हं," मी डोळा मारून म्हणालो होतो. मेल्यानं शब्द पाळला. कुणाला सांगितलं नाही, करून दाखवलं.

घाणा रिकामा झाल्यावर मी त्याला गाठलं.

"देल्फो, हे काळीज आहे. मला कळत नाही असं समजू नकोस."

"मग सांगा की लोकांना," तो नाणं पुसत म्हणाला. आवाजात राग नव्हता, दयाच होती. "पण मास्तर, सांगायचं तर सगळं सांगा हं. मी कुठल्या शाळेत शिकलो, तेही."

मी टोपी घातली आणि घरी आलो. जेवायला एर्सिलियानं गोड केलं होतं.

दुसऱ्या रविवारी नाणं करडं झालं. तिसऱ्या रविवारी पिवळट. चौथ्या रविवारी पांढरंशुभ्र राहिलं. घाण्यात वाद्यं वाजली. काय कठीण होतं त्यात? परातीत दर आठवड्याला काळीज कमी टाकायचं, शेवटच्या वेळी टाकायचंच नाही. शनिवारी रात्री झोपेतून उठवलं असतं तरी मी सांगू शकलो असतो. मला कुणी उठवलं नाही, आणि मी आपणहून उठलो नाही.

डॉक्टर नोएमी माझ्या दारात आली. तिशीतली पोर, माझ्याकडेच लॅटिनमध्ये दोनदा नापास झालेली, आता पाच गावांचा दवाखाना सांभाळते.

"मास्तर, चार पेशंटांनी गोळ्या सोडल्यात. मी बोलले तर म्हणतात, मास्तरांनी तपासलंय. तुम्ही एक शब्द बोला. तुमचं ऐकतील."

"अगं, मी नाण्यांचा माणूस. औषधातलं मला काय कळतं?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "हे तुम्ही म्हणताय? आम्हाला कोपऱ्यात उभं करून सांगायचात, माहीत असून गप्प बसतो तो दुप्पट नापास."

मी दार लावून घेतलं.

त्या आठवड्यात एर्सिलियानं इन्सुलिनची पेटी शीतकपाटातून काढून कचऱ्यात टाकली. मी बघत होतो.

"अगं, डॉक्टरला विचार तरी!"

"कशाला? चांदी पांढरी राहिली ना?"

"चांदीचं काय घेऊन बसलीस!"

"ओत्तोरीनो," ती हसली, "जन्मभर चांदीचंच घेऊन बसलायस तू. आणि अस्सल कोण म्हणालं? तू का मी?"

तिथं बोलायचं होतं. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. मंडळ नव्हतं, गाव नव्हतं. बहिणीला एवढंच सांगायचं होतं की अगं, हे मी शिकवलंय. बोललो असतो तर एकटी तीच मला हसली असती, आणि तेवढंही मला नको होतं. थूत् माझ्या जिण्यावर.

तिच्या पायाला बुटानं एक फोड आला होता. साखर वाढली तसा तो चिघळला. सहाव्या दिवशी मी बाजारातून आलो तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली, श्वास धापा टाकल्यासारखा, तोंडाला सडक्या फळासारखा वास. नोएमी रुग्णवाहिकेतून तिच्यासोबत गेली. दार तिनं माझ्या तोंडावर लावून घेतलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात तिला शुद्धीवर यायला दोन दिवस लागले. डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं.

पुढच्या रविवारी मी घाण्यात गेलो. नोएमीही आली, मी सांगितल्याप्रमाणे उकळत्या पाण्याचा थर्मास घेऊन. साबातीनोनं मला वाट करून दिली, देल्फोनं खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. खिशातून माझं स्वतःचं नाणं काढलं आणि म्हणालो, "आज पहिला रोगी मी ठरवणार."

"पण मास्तर, परंपरा अशी आहे की..."

"आजीकडून मिळालेली परंपरा असेल. बाजूला हो."

मी मेजावरची डुकराची मांडी उचलली, परातीत बुडवली, त्याच पंच्यानं पुसली, वर माझं नाणं ठेवलं आणि पंचा गुंडाळला. "मोजा! वालेतू!"

लोक गोंधळले, पण सवय वाईट. मोजू लागले. देल्फो पुढे धावला, "पवित्र पाणी विटाळलं!" साबातीनोनं त्याला दंडाला धरलं. "थांब रे, बघू तर दे. मांडी मीच दिलीय."

शंभर झाले. पंचा उलगडला. नाणं काळंठिक्कर.

"या डुकराला मधुमेह आहे," मी म्हणालो. "का दमा आहे? कापून, मीठ लावून टांगलेल्याला वर्ष झालं. याच्या अंगातून कोणता रोग निघाला, मायेस्त्रो?"

आधी एक म्हातारी खुदकन हसली. मग हशा पसरला. नोएमीनं घाण्याच्या नळाचं साधं पाणी दुसऱ्या भांड्यात आणलं. दर रोग्यानंतर देल्फो नाणं ज्या झाकणाच्या वाडग्यात ठेवायचा आणि ज्याला 'चांदीचं घरटं' म्हणायचा, तो तिनं उघडला. आत पन्नी होती, सोडा होता. तिनं उकळतं पाणी ओतलं, नाणं पांढरं झालं. मग साबातीनोचा हात नळाच्या पाण्यात बुडवून मूठ मिटायला लावली. नाणं पांढरंच राहिलं. तोच हात देल्फोच्या परातीत बुडवला. काळं.

"हे पाणी कुंडाचं नाही," मी म्हणालो. "यात गंधकाचं काळीज आहे. चांदीला गंधक लागलं की चांदी काळवंडते. मग ते रोग्याच्या हातावरचं असो, डुकराच्या मांडीवरचं असो, नाहीतर उकडलेल्या अंड्यातलं असो. रोगाचा, देवीचा, रोमचा काही संबंध नाही."

"विचारा, विचारा त्यांना!" देल्फो किंचाळला. "विचारा मला कुणी शिकवलं!"

"मी," मी म्हणालो.

हशा थांबला. मी सगळं सांगितलं. खण, बाटली, खानदानी कपाट, वीस वर्षं. सांगताना मी जमिनीकडे बघत होतो. घाण्याच्या दगडाला जुन्या तेलाचा काळा डाग होता, तो मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. देल्फोचं पितळ उघडं पाडायला आलो होतो, आणि त्याच्यासोबत माझंही पडलं.

साबातीनोनं देल्फोचा दंड सोडला. गळ्यातल्या पाकिटातून त्यानं एक नाणं काढलं. मी दिलेलं. अकरा वर्षं तो ते छातीशी बाळगत होता.

"हेही?" त्यानं विचारलं.

"हेही."

त्यानं ते पन्नीच्या वाडग्यात टाकलं. गरम पाण्यात दोनशे वर्षं एका मिनिटात विरघळली. लख्ख पांढरं, घासून झिजवलेलं, मेलेलं नाणं वर आलं. साबातीनोनं ते उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "आणि पहिल्या रविवारी त्या खुर्चीत बसून तुम्ही हे ओळखलंत?"

"ओळखलं."

"तरी बहिणीला येऊ दिलंत?"

देल्फो त्या गडबडीत मागच्या दारानं निसटला, त्याचं पुढे काय व्हायचं ते झालं. त्याची गोष्ट सांगायला मी बसलेलो नाही.

ट्रेजनचं नाणं मी त्याच दुपारी साबातीनोला परत केलं. त्यानं घेतलं. आताही मी त्याच्याकडे कॉफी प्यायला जातो. तो कप ठेवतो, आणि बोलत नाही. मंडळाला मी राजीनामा दिला, तपकिरी बाटली नोएमीला दिली. नोएमी ती शाळांमध्ये घेऊन जाते आणि पोरांपुढे अंड्यावर, मुळ्यावर, चपलेवर नाणं काळं करून दाखवते. पोरं हसून लोळतात. एकदा तिनं मला बोलावलं होतं. पोरांना मी एवढंच सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो.

खोटं माणूस नुसत्या खोट्याच्या जोरावर कधी उभं राहत नाही. त्याला एखादी खरी गोष्ट टेकायला लागते. खरं नाणं, खरं पुस्तक, खरा मास्तर. म्हणून कुणी काही अस्सल म्हणून दाखवलं तर टाळ्या वाजवू नका. विचारा, अस्सल असेल, पण म्हणून काय? नाणं अस्सल म्हणून औषध अस्सल होतं का? त्याच पाण्यात दुसरं काही बुडवून बघितलंत का? हे विचारायला लॅटिन लागत नाही, पदवी लागत नाही. आणि ज्याला उत्तर माहीत आहे, त्यानं पहिल्या दिवशी उठावं. दुसऱ्या रविवारी नको. दुसऱ्या रविवारपर्यंत कुणाच्या तरी पायाला फोड आलेला असतो.

एर्सिलिया दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा तिलाही मी सगळं सांगितलं होतं. तिनं फक्त विचारलं, "कुठल्या दिवशी कळलं तुला?" मी म्हणालो, "पहिल्या." ती खिडकीकडे तोंड करून पडून राहिली. परिचारिकेनं मला बाहेर जायला सांगितलं.

आता ती घरी आहे, काठी घेऊन चालते. पूर्वीसारखं बोलते, भाजीत मीठ कमी पडलं तर माझ्यावरच डाफरते. पण रोज जेवणाआधी शीतकपाटातून इन्सुलिनची बाटली काढते, माझ्यापुढे मेजावर ठेवते आणि माझं भिंग माझ्या हातात देते.

"बघा मास्तर," ती म्हणते, "अस्सल आहे ना?"

मी भिंग लावून नाव वाचतो, तारीख वाचतो, मोठ्यानं. मग ती बाही वर करते.